ग्रामसभा झाली होती, साहेब

गळ्यात झेंडूचा हार होता आणि मी चिकू निवडत बसले होते.

सरपंच झाले त्याच दिवसाची गोष्ट. सकाळी पंचायतीत निवड झाली. सदस्यांचे हात वर गेले, माझं नाव पुकारलं. आमच्या तलासरीकडच्या भागात सरपंच आदिवासीच लागतो, आणि त्या वेळी पाळी बाईची होती. पाड्यात दहावीपर्यंत गेलेली बाई मी एकटी. कपाळाला गुलाल, केसांत गुलाल, पोलक्याच्या गळ्यात गुलाल. गुरुजी म्हणाले, "चला, शेठना भेटून येऊ."

गुरुजी म्हणजे आमचे उपसरपंच. निवृत्त शिक्षक. शेठ म्हणजे ज्यांच्या चिकूच्या वाडीत मी लग्नाआधीपासून मजुरीला जात होते ते. पंचायतीत कोण बसणार हे वाडीत ठरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

शेठ झोपाळ्यावर होते. "आवो बेन, आवो," म्हणाले. गुरुजींना खुर्ची दिली. दुसरी खुर्ची तिथं नव्हती. मी खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात शेठाणी बाहेर आल्या. माझ्याकडे बघून हसल्या. मनापासून हसल्या, खोटं कशाला सांगू.

म्हणाल्या, "अरे वा, सरपंच झालीस! बरं झालं आलीस बाई. आज दोघीजणी आल्याच नाहीत कामाला. आलीच आहेस तर तेवढे चार क्रेट निवडून जा."

कोणी हसलं नाही. कोणी चमकलं नाही. गुरुजी शेठशी बोलत राहिले. मला कोणी अपमान करायला बोलावलं नव्हतं. त्यांना खरंच दोन बाया कमी पडल्या होत्या.

मी पदर खोचला आणि बसले. मोठे एका क्रेटमध्ये, बारीक दुसऱ्यात, फुटके टोपलीत. हार काढावा की ठेवावा ते कळेना. मग तसाच राहू दिला. खाली वाकलं की झेंडूच्या पाकळ्या चिकूंवर पडायच्या. शेठाणी जाता जाता म्हणाल्या, "पाकळ्या वेच हं. माल बाहेर जायचाय."

मी पाकळ्या वेचल्या. चिकानं बोटं एकमेकांना चिकटली होती.

नाही म्हणाले नाही. शेठाणींनी मला कायम गुणी म्हटलं. लहानपणापासून सगळ्यांनीच म्हटलं. आश्रमशाळेतल्या बाईंनी, सासूनं. गुणी म्हणजे काय ते त्या दिवशी कळायला हवं होतं. गुणी म्हणजे जिच्या तोंडात नाही हा शब्द नाही ती. मला कळलं नाही. घरी आले, हात राखेनं घासले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेले. मोठी फिरती खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. गुरुजींनी स्वतः ती पुढे ओढली. "बसा मॅडम. ही तुमची खुर्ची."

मॅडम. मला तोपर्यंत कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. लोकांना वाटतं आम्हाला दमदाटी करून सह्या घेतात. माझ्यावर कोणी आवाज चढवला नाही. मला गोड बोलून बसवलं आणि ते मला आवडलं. हे मी लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल.

गुरुजी वाईट बोलणारे नव्हते. शांत, स्वच्छ सदरा, खिशात दोन पेनं. ते मला शिकवायचे. साहेबाशी कसं बोलायचं, अर्ज कुठे दाबायचा, कुठे काढायचा. एकदा म्हणाले, "मॅडम, राजकारण ही कला आहे. खरं काय ते सगळ्यांनाच माहीत असतं. ते कधी बोलायचं नाही, एवढं ज्याला कळलं त्याला राजकारण कळलं." मी मान हलवली. मला वाटलं, मी मोठं काहीतरी शिकतेय.

पंधरा ऑगस्टला झेंडा मी चढवला. भाषण गुरुजींनी लिहून दिलं होतं. स्वातंत्र्य, सत्य, सदाचार. मोठे मोठे शब्द. मी न अडखळता वाचले. समोर शाळेची पोरं, मागे पाड्यातली माणसं, आणि त्यांच्यात माझा काका. भाषण संपलं तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "माझी पोर हाय ती." मला पायऱ्यांपर्यंत ऐकू आलं.

काकाबद्दल सांगते. मी चार वर्षांची असताना बाप ताडावरून पडून गेला. मला काकानं वाढवलं. लग्न झालं ते ओहोळापलीकडच्याच पाड्यात, त्यामुळे माहेर आणि सासर एकाच पंचायतीत. सकाळी त्याच्या चुलीचा धूर मला माझ्या दारातून दिसायचा.

काका शाळेत गेला नव्हता. मी सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले आणि त्याला सही शिकवली. आधी अंगणात काटकीनं, मग भिंतीवर कोळशानं. त्याच्या नावातलं जोडाक्षर त्याला जमत नव्हतं. चिडायचा, काटकी फेकायचा, थोड्या वेळानं शोधून परत आणायचा. सगळा वैशाख गेला. शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या फॉर्मवर त्यानं सही केली. कारकुनानं शाईचा पॅड पुढे सरकवला होता. काकानं तो मागे सरकवला. म्हणाला, "पेन दे."

त्यानंतर त्यानं कधी अंगठा दिला नाही. कुठेच नाही. "पेन दे" हे त्याचं ठरलेलं बोलणं झालं. पाड्यात पोरं त्याला तसंच चिडवायची.

काकाच्या पाड्याच्या मागे टेकडी आहे. टेकडीच्या कुशीत झरा. भर उन्हाळ्यातसुद्धा तिथं दोन हंडे पाणी मिळायचं. होळी झाली की काका त्यातला गाळ काढायचा, कडेचे दगड नीट लावायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा बाप करायचा, तो करायचा.

शेठना ती टेकडी दगडखाणीसाठी हवी होती. बाहेरचा कोणी मोठा भागीदार होता. पण आमच्या भागात पाड्याची ग्रामसभा हो म्हणाल्याशिवाय टेकडीला हात लावता येत नाही. सभेचा अध्यक्षसुद्धा पाड्यानं आपल्यातून निवडायचा असतो. सरपंचाला तिथं अध्यक्ष होता येत नाही. कायदा चांगला आहे. कायदा वहीत लिहावा लागतो, एवढंच.

गुरुजींनी प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या नोंदींची, वही माझ्यापुढे उघडी ठेवली. "नेहमीचं आहे मॅडम. सही करा."

मी वाचलं. अडाणी बाईला फसवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून सांगते. मी पूर्ण वाचलं. अमुक दिवशी आंब्याखाली पाड्याची ग्रामसभा भरली. सर्वांनी खाणीला संमती दिली. अध्यक्ष म्हणून माझ्या काकाचं नाव. नावापुढे निळा अंगठा.

त्या दिवशी सभा भरलीच नव्हती. सगळा पाडा लग्नाला गेला होता. मीही गेले होते. तारपा वाजत होता, मी त्याच्या तालावर नाचले होते.

मी म्हणाले, "गुरुजी, काका सही करतो. अंगठा देत नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "तपशील आहे तो मॅडम. तुमच्या पाड्याची घरकुलांची यादी याच आठवड्यात वर जायची आहे. शेठ तिकडे बोलणार आहेत. आता तुम्ही ठरवा."

पाड्यात कुडाची घरं. पावसात आत भांडी मांडायची. मी मनात घरं मोजली आणि सही केली. सगळ्यांच्या भल्यासाठी करते आहे, असं मनाला सांगितलं. ती खुर्चीही सुटू नये असं वाटत होतं, ते मनालासुद्धा सांगितलं नाही.

काकाला कळलं ते टेकडीवर चुन्याच्या खुणा दिसल्यावर. तो माझ्याकडे आला नाही. बहुतेक त्याला वाटलं असेल, पोरीला यात ओढायला नको. तिघांना घेऊन तो बसनं डहाणूला गेला आणि अर्ज दिला. खाली सही केली.

चौकशीचे साहेब आमच्या पंचायतीत आले. टेबलाशी साहेब, बाजूला मी, माझ्या शेजारी गुरुजी. शेठ आले नव्हते. त्यांचा मुनीम दाराशी उभा होता. काका धुतलेला सदरा घालून आला होता. बटणं वरपर्यंत लावलेली.

तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, सभा नाय झाली. आमी लग्नात होतो. नि ह्यो अंगठा माझा नाय. मी सही करतो."

साहेब म्हणाले, "सही येते तुम्हाला?"

"येते. पेन द्या, करून दावतो."

साहेबांचा हात खिशाकडे गेला. पेन अर्धं बाहेर आलं. मग ते माझ्याकडे वळले. "सरपंच, तुम्ही सांगा. ग्रामसभा झाली होती का?"

गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. मुनीम माझ्याकडे बघत होता. मागे बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. काका बघत नव्हता. तो साहेबांच्या पेनाकडे बघत होता. निवांत. पोरीला विचारलंय म्हणजे झालं, असा.

मी म्हणाले, "हो. ग्रामसभा झाली होती, साहेब."

माझाच आवाज. भाषणात होता तसाच, न अडखळता.

साहेब म्हणाले, "आणि हा अंगठा?"

"काका म्हातारा झालाय. विसरतो. कधी सही करतो, कधी अंगठा देतो."

पेन खिशात परत गेलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्या, ताडी कमी पी." हशा झाला. साहेबसुद्धा थोडे हसले. काका हसणाऱ्यांकडे वळला नाही. आता तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. वाट चुकलेला माणूस फाट्यावरच्या पाटीकडे बघतो तसा. मग त्यानं वरचं बटण उघडलं आणि बाहेर गेला. त्याच्याबरोबरचे तिघेही गेले.

त्याला सही मी शिकवली होती. त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं.

गुरुजी नंतर म्हणाले, "छान सांभाळलंत मॅडम." मला चहा आला. तो मी प्यायले.

खाण सुरू झाली. सुरुंग लागला की भांडी हलायची. झऱ्याचं पाणी आधी गढूळ झालं, मग बारीक झालं. होळीनंतर काका गाळ काढायला गेला नाही. माझ्या दारीही आला नाही. मी दोनदा गेले. तो अंगणात बसलेला असायचा, मी आले की उठून आत जायचा. काकी चुलीपाशी बसून म्हणाली, "तो काय बोलत नाय. माझ्याशी पण नाय."

घरकुलांची यादी मंजूर झाली. अर्ध्या पाड्याची. काकाचं नाव त्यात होतं. त्यानं घर बांधू दिलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता काकीनं निरोप धाडला. काकाला डहाणूच्या दवाखान्यात नेलंय. छातीत पाणी झालं होतं. मी पोचले तेव्हा दुपार होती. तो खाटेवर टेकून बसला होता, सदऱ्याच्या आत फासळ्या वर-खाली होत होत्या. नर्सबाई कागद घेऊन आल्या. छातीतलं पाणी काढायचं, त्याला पेशंटची संमती.

"आजोबा, सही येते का?"

काकानं डावा हात पुढे केला. अंगठा वर.

मी म्हणाले, "काका, तुला येते सही." मग नर्सबाईंना म्हणाले, "यांना येते सही. पेन द्या."

काका नर्सबाईंकडेच बघून बोलला. मधे मधे श्वास घेत. "माझा अंगठाच चालतो. सरपंच बोलली ना, साहेबासमोर. सरपंचाचा बोलणा खोटा कसा व्हईल?"

नर्सबाईंना काय कळणार? त्यांनी शाईचा पॅड उघडला. अंगठा धरला, दाबला, कागदावर टेकवला. काका नंतर तो अंगठा चादरीला पुसत राहिला. बराच वेळ. शाई जात नव्हती.

तो मला टोमणा मारत होता असं मला आधी वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. टोमणा मारायला माणसात काहीतरी शिल्लक लागतं. तो सही करायचा खरंच थांबला होता. आयुष्यात एकच गोष्ट त्यानं स्वतःहून मिळवली होती, आणि ती त्यानं देणाऱ्याला परत करून टाकली.

चौथ्या दिवशी तो गेला. माझ्याशी एक शब्द न बोलता.

काकाचे दिवस घातले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गुरुजींकडे गेले. ते पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मी डहाणूला जाऊन लिहून देणार आहे. सभा झाली नव्हती."

गुरुजींनी पेपर घडी करून ठेवला. आवाज तसाच मऊ. "दुःखात आहात मॅडम. चार दिवस जाऊ द्या. एक लक्षात घ्या, वहीवर सही तुमची आहे. साहेबांसमोर जबाब तुमचा. मी कुठेही नाही, शेठ कुठेही नाहीत. खरं बोललात तर गुन्हेगार एकच ठरेल."

"मीच आहे."

"त्यानं तुमचे काका परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग उपयोग काय?"

चार वर्षांत गुरुजींनी मला खूप शिकवलं, पण खरं बोलायचा उपयोग काय, याचं उत्तर त्यांच्या कलेत नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. मी फक्त म्हणाले, "मला मॅडम म्हणू नका."

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. ऑफिसातल्या बाबूनं तो दोनदा वाचला. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, स्वतःविरुद्ध कोणी लिहून देतं का? वकिलाला विचारा आधी." मी म्हणाले, "शिक्का मारा."

मग पाड्यात सभा बोलावली. या वेळी खरी. आंब्याखाली माणसं बसली. मी उभी राहिले. भाषण लिहिलेलं नव्हतं. "सभा झाली नव्हती. अंगठा काकाचा नव्हता. मला माहीत होतं. तरी साहेबांसमोर मी खोटं बोलले आणि काकाला खोटा पाडला."

मला वाटलं होतं कोणी शिव्या देईल, कोणी दगड मारेल. कोणी रडेल. तेवढं तरी झालं असतं. माणसं जमिनीकडे बघत राहिली. त्यांनाही माहीत होतं. त्यांच्याही डोक्यावर घरकुलाचे पत्रे आले होते.

काकी उठली. माझ्यासमोर येऊन थांबली. "त्याच्या देखत बोलायचा होता," म्हणाली, आणि निघून गेली.

पाड्याचा ठराव रद्द झाला. खाण एक पावसाळा बंद राहिली. मग टेकडीच्या पलीकडच्या अंगानं सुरू झाली, दुसऱ्या गावाच्या वहीवर. झरा परत आला नाही. माझ्यावर अविश्वास आणला. माझ्या स्वतःच्या पाड्यातल्या दोन सदस्यांनी हात वर केले. एकीनं वर करताना माझ्याकडे बघितलं, दुसरीनं नाही. खोट्या नोंदीची केस माझ्यावर आहे. तारखेला डहाणूला जाते. शेठच्या वाडीत मला काम नाही, आणि शेठच्या वाडीत नाही म्हणजे आसपास कुठेच नाही. उंबरगावकडे कारखान्यात जाते, सकाळच्या जीपनं.

तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेर बाकावर बसलं की तो शब्द आठवतो, झेंड्याखाली वाचलेला. स्वातंत्र्य. मी तो दुसऱ्याच्या अक्षरात वाचला होता. मला वाटायचं ते कोणीतरी देतं. खुर्ची देतात तसं, यादी देतात तसं. जे दिलं ते काढून घेता येतं, आणि काढून घेतील या भीतीनं माणूस आपलंच माणूस विकतो. मी विकलं. मला कोणी साखळीनं बांधलं नव्हतं. दार उघडं होतं, साहेब समोर होते, पेन अर्धं बाहेर आलेलं होतं. एक "नाही" म्हणायचं होतं. तेवढंच होतं माझं स्वातंत्र्य. मी वापरलं नाही.

आता नवी सरपंच आहे. आमच्याच पाड्यातली, बारावी झालेली. गुरुजी तिलाही खुर्ची ओढून देतात.

परवाच्या ग्रामसभेत मी पुढे जाऊन बसले. सभा संपली, प्रोसिडिंगची वही सह्यांसाठी फिरू लागली. वही माझ्याकडे आली तेव्हा मी उभी राहिले आणि नव्या सरपंचाला म्हणाले,

"यात काय लिहिलंय ते आधी मोठ्यानं वाच."

गुरुजी म्हणाले, "वेळ झालाय. लोकांना कामं आहेत."

मी गुरुजींकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघून म्हणाले, "मी त्याच खुर्चीत बसून खोटं बोलले. माझ्या काकाला सगळ्यांसमोर वेडा ठरवलं. तो त्यातच गेला. म्हणून सांगते, वाच."

तिनं गुरुजींकडे बघितलं. मग वहीकडे. वाचलं नाही. मी सही केली नाही. माझ्या मागच्या चार बायकांनीही केली नाही. बाकीच्यांनी केली. वही पुढे गेली.

जाऊ दे. पुढची सभा आहेच. मी जाणार, पुढेच बसणार, आणि तेच बोलणार. आधी माझं खोटं सांगणार, माझ्या नावानं, काकाच्या नावानं. मग म्हणणार, वाच. लोक कंटाळतील. कुजबुजतील, हिचं डोकं फिरलंय म्हणतील. मला दर वेळी तितकीच लाज वाटेल. वाटू दे. एक दिवस तिला वाचावं लागेल, नाहीतर सगळ्यांसमोर मला उचलून बाहेर टाकावं लागेल.

मी आपणहून उठणार नाही.